ओळख न देणारे देवकते सर

देवकते सर रस्त्यात कुणालाही ओळख देत नाहीत. नजर त्यांची शाबूत आहे, चष्मा फक्त वाचायला लागतो. स्मरणशक्ती तर अशी की माझ्या दुकानातल्या मशीनमध्ये कागद कधी अडकला होता हेसुद्धा ते वारासकट सांगतील. पण बसस्टँडवर, भाजीबाजारात, कोर्टापुढच्या चहाच्या गाड्यावर कुणी ओळखीचं समोर आलं की सर त्याच्याकडे परक्या मुलखातून आत्ताच उतरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. समोरच्याने हात जोडलेच तर थांबतात आणि अदबीने विचारतात, "आपली वळख?"

आमच्या अंबडात सुरुवातीला याचे दोन अर्थ निघाले. एक म्हणजे मास्तर माजला. दुसरा म्हणजे लोकांची डोकी बघता बघता याचंच फिरलं. मी दुसऱ्या पक्षात होतो.

सर समुपदेशक आहेत. मूळचे धावड्याचे, घर मेंढपाळाचं, वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. हे शिकले, शहरात एका दवाखान्यात बरीच वर्षं मन लावून नोकरी केली आणि मग काय सुचलं कोण जाणे, अंबडला येऊन स्वतःची खोली थाटली. लग्न केलेलं नाही. खोली माझ्या दुकानाच्या पाठीमागे आहे आणि तिकडे जायचा रस्ता माझ्या दुकानातून. माझं दुकान झेरॉक्सचं, शिवाय टायपिंग. मधली भिंत प्लायवूडची. आधी पाटीवर ‘समुपदेशन केंद्र’ लिहिलं होतं. दोन महिन्यांत एकच गृहस्थ आले, तेही सातबाऱ्यावरचं चुलत्याचं नाव कमी कसं करायचं ते विचारायला. मग सरांनी पाटी पुसून नुसतं ‘देवकते, वेळ १० ते ५’ एवढंच ठेवलं. तेव्हापासून गर्दी सुरू झाली.

गर्दी कशी, तर चोरून. आपला माणूस दात दाखवायला आपल्याच तालुक्यात जातो, मन दाखवायचं म्हटलं की दुसऱ्या तालुक्याची एसटी धरतो. भोकरदनचे लोक अंबडला येतात, अंबडचे जालन्याला जातात. आणि इथे आलेला माणूस थेट आत शिरत नाही. आधी माझ्या काउंटरवर आधार कार्ड ठेवतो. "एक झेरॉक्स मारा." मी मारतो. तो इकडेतिकडे बघतो, पाणी पितो आणि संडासला जावं तसा हळूच मागे सटकतो. तासाभराने बाहेर येतो, झेरॉक्स विसरून निघून जातो. माझ्याकडे अशा विसरलेल्या झेरॉक्सांचा गठ्ठा झाला होता. दुसऱ्या वेळी तेच आधार कार्ड आलं की मी मनात म्हणायचो, लागला बरं का नाद.

आत काय चालतं ते मला प्लायवूडमुळे निम्मंशिम्मं कळायचं. तेही मी कान देत होतो म्हणून नाही. बरं, देत होतो. खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींची तोंडं खिडकीकडे. समोरासमोर बसायचं नाही. खिडकीतून दिसतं काय, तर एक लिंबाचं झाड आणि पंचायत समितीच्या गोदामाची भिंत. दोघांच्या मध्ये स्टुलावर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. आलेल्याने शेंगा फोडायच्या, सरही फोडतात. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार आहे. सर म्हणाले, "मुकुंदराव, माझा बाप आन् त्याचा चुलता दिवसभर बोलायचे. मेंढराकडं बघून. एकमेकाच्या तोंडाकडं बघून त्यांनी जल्मात एक शब्द काढला न्हाई. समोर तोंड आलं की आपला माणूस खोटं बोलतो, न्हाई तर रडू दाबतो. म्हणून म्या तोंडच हटवलं."

प्रत्येक नव्या माणसाला ते दारातच तीन गोष्टी सांगतात, मोठ्याने, अगदी बँकेतल्या शिपायासारखं. "इथलं बोलणं इथंच ऱ्हाईल. मी सल्ला देणार न्हाई. आन् जिवावरचं काही असलं, तर मंग मी गप बसणार न्हाई, तुमच्या घरच्याला सांगणार. बराबर?" माणूस मान हलवतो. पहिलं त्याला पटतं, तिसरं तो ऐकतच नाही आणि दुसऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. मग तासाभराने बाहेर आल्यावर माझ्यापाशी तक्रार. "एवढ्या लांबून आल्तो, तर एक बी सल्ला दिला न्हाई! नुसतं ‘घाई न्हाई, घाई न्हाई’." पण पुढच्या आठवड्यात हाच माणूस झेरॉक्सला हजर. काहीजण मित्राचं दुखणं म्हणून स्वतःचं सांगतात. सर ते मानून घेतात. "बरं, मित्राच्या वाटच्या शेंगा तुमी फोडा," म्हणतात.

ओळख न देण्याचं कोडंही मला एका लग्नात उलगडलं. नवऱ्या मुलाचा बाप सरांकडे वर्षभर येऊन गेलेला. मांडवात सरांना बघून तो धावतच आला. शे-दीडशे लोकांसमोर त्याने सरांचा हात धरला आणि म्हणाला, "या माणसानं मला..." पुढचं वाक्य पुरं झालं असतं तर त्याच्या नव्या व्याह्यांना जे कळू नये ते सगळं कळलं असतं. सर शांतपणे म्हणाले, "मालक, तुमची काही तरी गफलत होऊन राह्यली. मी केटरिंगवाल्याकडून आलोय." आणि खरंच बुंदीची बादली उचलली. दोन पंगती त्यांनी वाढल्या. माझ्या पानात वाढताना मी खालून बघितलं तर म्हणतात, "पाव्हणं, बुंदी?" मी हसून हसून लोळायचा बाकी होतो. घरी येऊन मात्र जरा विचार केला, की या मुलखात जितकी जास्त माणसं या माणसाकडे येतील तितकी याची ओळख कमी होत जाणार. तो विचार मला फार वेळ परवडला नाही आणि मी झोपलो.

ही बुंदीची गोष्ट मी पुढे सगळीकडे सांगितली. नावं गाळून, हावभावांसकट. पिंपळगाव रेणुकाईला आमचं मूळ घर आहे, तिथे माझे थोरले भाऊ, दादा, शेती बघतात. वहिनी गेल्याला सहा महिने झाले तेव्हा सगळे जमलो होतो. वातावरण जड होतं, म्हणून मी सरांची नक्कल केली. शेंगा, खिडकी, "आपली वळख?" सगळं. पोरं हसली, चुलत्या पदर तोंडाला लावून हसल्या. दादा हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कोन्या दिवशी असतात ते?" मी म्हणालो, रविवार सोडून रोज. दादांना उगीच चौकशी करायची सवय नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी अकराच्या सुमाराला दादा माझ्या दुकानात उभे. मी उडालोच. चहा सांगितला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एक झेरॉक्स मार," आणि सातबारा पुढे केला. मी म्हणालो, अहो दादा, झेरॉक्ससाठी भोकरदनला दुकानं नाहीत का. म्हणाले, "काम होतं इकडं." मी मशीनकडे वळलो, झेरॉक्स काढून वळून बघतो तर दादा नाहीत. मला वाटलं, गेले असतील तहसीलला. सातबारा काउंटरवरच राहिला होता.

पुढच्या मंगळवारी पुन्हा दादा. पुन्हा तोच सातबारा. तो कागद हातात घेतला आणि मला कळलं, दादा झेरॉक्ससाठी येत नाहीत. एवढी वर्षं लोकांची दुसरी झेरॉक्स मी गालातल्या गालात हसत काढत आलो होतो. आता सख्ख्या भावाची काढत होतो आणि मला वर बघवत नव्हतं. मी मुद्दाम मशीनचं झाकण उघडून आत डोकं घातलं, म्हणजे दादांना मागे जायला मोकळीक मिळावी.

थोरल्या भावाला असं काही विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. वडील गेल्यापासून दादाच वडील. मला काही झालं तर ते विचारणार, त्यांना काही झालं तर मी वैद्य आणून द्यायचा, पण "काय झालं" हे तोंडाने विचारायचं नाही. म्हणून मी सरांना विचारलं.

"सर, माझे दादा तुमच्याकडं येतात."

"कोण दादा?"

"अहो, आत्ता तुमच्या खोलीतून बाहेर पडले ते!"

"आपली वळख?" सर म्हणाले. माझ्याच दुकानात उभं राहून, मला. मला असा संताप आला की त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी एक हलकट काम केलं. दादा आत गेले तसं मशीन बंद केलं, पंखा बंद केला आणि प्लायवूडला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. कट्. मग पुन्हा कट्. दहा मिनिटांत दोन वाक्यंसुद्धा नाहीत. माझ्या मानेला कळ लागली. तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, "मुकुंदराव, लाइट गेली का?" मी धडपडत मशीन चालू केलं आणि कोऱ्या कागदाच्या चाळीस झेरॉक्स काढल्या.

पण एक गोष्ट मला दिसत होती. दादा दर मंगळवारी थोडे थोडे कमी होत होते. सदऱ्याची कॉलर सैल पडत होती. एकदा त्यांनी जाताना मला विचारलं, "तुझं सगळं बरं हाये ना?" आणि पुढे म्हणाले, "बरं असू दे." घरी गेल्यावर मी बायकोला म्हणालो, दादा असं कधी बोलत नाहीत. ती म्हणाली, मग जाऊन या ना तिकडे. मी म्हणालो, आता सुगीचे दिवस आहेत, ते कामात असतील. खोटं होतं ते. मला जायची भीती वाटत होती.

सहाव्या मंगळवारी अकरा वाजले, दादा आले नाहीत. सव्वाअकरा झाले. सर बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि रस्त्याकडे बघू लागले. सर कधीच पायरीवर उभे राहत नाहीत, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. साडेअकराला त्यांनी माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकले. एक मुलगी रहिवासी दाखल्याची झेरॉक्स घ्यायला उभी होती. ती जाईपर्यंत सर थांबले. मग म्हणाले,

"मुकुंदराव, तुमच्या दादाला मी वळखतो."

बाकी काही बोलायची गरजच नव्हती. या माणसाने अख्ख्या गावात आजवर कुणालाच ओळख दिली नव्हती. ते तिसरं वाक्य, दारात म्हणायचं, जे कुणी ऐकत नाही, ते मी शंभर वेळा ऐकलेलं होतं. मी मशीन तसंच चालू ठेवून काउंटरमागून बाहेर आलो.

"फोन लावा," सर म्हणाले. दादांचा फोन बंद. दादांचा मुलगा पुण्याला कंपनीत असतो, म्हणून घरी सुनेला, मीराला लावला. ती म्हणाली, "मामंजी सकाळीच आखाड्यावर गेले. काका, आज त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्यापाशी दिल्या. म्हणले, तुझ्याजवळच असू दे आता. आन् बैलजोडी शेजारच्याच्या दावणीला बांधून आले. कुणी येऊ नका म्हणले आखाड्यावर." आखाडा म्हणजे शेतातली खोपटी. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"ताई, तुमी आत्ता जा. भाकर घेऊन जा, म्हंजे जायला कारण होतं. काही विचारू नका, समजावू नका. नुसतं तिथं बसा. आमी येऊन राह्यलो. उठायचं न्हाई, काही झालं तरी उठायचं न्हाई." आणि फोन देऊन मला म्हणाले, "मोटरसायकल काढा. जल्दी."

अंबडहून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून पुढे पिंपळगाव. हा रस्ता मी लहानपणापासून ओळखतो आणि त्या दिवसाइतका लांब तो कधी नव्हता. सर मागे बसले होते. जन्मभर ‘घाई न्हाई’ म्हणणारा माणूस माझ्या कानाशी एकसारखा म्हणत होता, "हाणा, हाणा." जालन्याच्या चौकात पोलिसाने शिट्टी मारली. सर त्याला मागे वळून ओरडले, "येताना थांबतो!" एरवी मी यावर महिनाभर हसलो असतो. भोकरदनजवळ मी मीराला पुन्हा फोन केला. तिने उचलला, हळू आवाजात "हाव, बसलेय" म्हणाली आणि ठेवला. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडलो. सरांनी पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. म्हणाले, "चालवता येत नसंल तर सांगा, मी चालवतो. मला येत न्हाई, पण चालवतो."

आखाड्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दादा खोपटीपुढच्या दगडावर बसले होते, कपाशीकडे तोंड करून. सासऱ्याच्या समोर सून बसत नाही, म्हणून मीरा त्यांच्या अंगाला नाही आणि तोंडापुढेही नाही अशी, जरा मागे बाजूला, डोक्यावर पदर घेऊन कपाशीकडेच बघत बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं. तीन तास ती तशी बसली होती. सर ते बघून जागीच थांबले. मला म्हणाले, "बघा. हिला कुणी शिकवलं?"

मग ते जाऊन दादांच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसले. मी बांधावर उभा. किती वेळ गेला सांगता येत नाही. तिघांच्या पाठी मला दिसत होत्या आणि दादांची पाठ हलतेय की नाही एवढंच मी बघत होतो. शेवटी सरांनी हात वर करून मला बोलावलं.

"दादा, मी तुमच्या भावाला सांगितलं," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी म्हणल्तो तसं."

"म्हणल्ते तुमी," दादा म्हणाले. "मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणता."

मी त्यांच्या शेजारी बसलो. तोंडाकडे बघायची हिंमत नव्हतीच, मीही कपाशीकडेच बघितलं. मग दादा बोलले, "मुकुंदा, घरात समदे मला इचारून करतात. दादा हे करू का, आबा ते आणू का. ‘अवो’ म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हाई." एवढंच बोलले. मी त्यांचा हात धरला. वयाची पन्नाशी आली तरी मी कधी धरला नव्हता.

सरांनी मग सगळं कामाच्या आवाजात सांगितलं. उद्या सकाळी जालन्याच्या डॉक्टरांकडे जायचं, झोपेचं आणि मनाचं औषध लागणार, मुकुंदराव बरोबर राहतील, मुलाला आजच बोलावून घ्यायचं, एकटं झोपायचं नाही. यापुढचं बोलणंही जालन्यातच एका चांगल्या बाईंकडे, कारण ज्याचा भाऊ भिंतीला कान लावतो त्याचं बोलणं मी ऐकणं बरं नाही. मी खाली बघितलं. दादांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आल्यासारखं झालं. मग त्यांनी मीराला म्हटलं, "सोड बाई ते फडकं. समद्यालाच भूक लागली असंल."

भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. सर उठून उभे राहिले. "मी न्हाई जेवत. माझ्याकडं आलेल्या माणसाकडं मी पाणी बी पीत न्हाई, बिलकुल न्हाई. नियम हाये."

"मी आज आलोच न्हाई," दादा म्हणाले. "आज तुमी आलात."

सरांनी एकदा भाकरीकडे बघितलं. ते उभेच राहिले, मग बसले. मीराने हातावर भाकरी दिली. त्यांनी पहिला घास घेतला आणि मी बघितलं, हा माणूस फार हळू खात होता, खाणं लवकर संपू नये म्हणून. दुसरी भाकरी मागताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. तिसरी मीराने न विचारता दिली.

निघताना मीरा पदर सावरत म्हणाली, "सर, परत या." दादांनीही मान हलवली. आम्ही बांधावरून मोटरसायकलीकडे चालू लागलो. मी दादांकडे मागे वळून वळून बघत होतो, म्हणून सर मागे राहिलेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ते जवळ आले. त्यांनी कुणी ऐकत नाही ना हे बघितलं, माझ्याकडे न बघता कपाशीकडे बघितलं आणि विचारलं,

"मुकुंदराव, ते ‘परत या’ म्हणल्या... म्हणायचं म्हणून म्हणतात, का खरंच?"

"खरंच," मी म्हणालो.

सर दोन पावलं चालले.

"कोन्या वारी?"